फ्लोराइडचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळमधले पांढरकवडा, मारेगाव, वणी आणि झरी जामणी, नांदेडमधले किनवट-माहूर, चंद्रपूरमधले वरोरा, राजुरा आणि कोरपना. या पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं आणि ते दात-हाडं बिघडवतं. इथे पाण्याचा विषय निघाला की ओट्यावर, शाळेत, आरोग्य उपकेंद्रात साधारण हेच प्रश्न येतात. प्रश्न लोक विचारतात तसेच ठेवले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे लांबवणं भाग होतं.

आमच्या हापशीचं पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, चवीला गोड आहे. त्यात फ्लोराइड कसं असेल?

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, आणि आपल्याकडे सापडतं त्या प्रमाणात चवही नाही. उलट गंमत अशी की फ्लोराइड जास्त असलेलं पाणी बऱ्याचदा इतर पाण्यापेक्षा चांगलंच वाटतं. अशा पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोड्याचा अंश जास्त असतो. म्हणून साबणाला फेस येतो, तुरीची डाळ लवकर शिजते, भांड्याला पांढरा थर धरत नाही. गावातल्या बायका "त्या बोरिंगचं पाणी डाळीला चांगलं" म्हणून लांबून हंडे भरून नेतात, आणि नेमकं तेच पाणी तपासणीत लाल, म्हणजे पिऊ नये असं, निघतं. जीभ आणि डोळे इथे उपयोगाचे नाहीत. तपासणी हाच एक मार्ग.

जवळपास कारखाना नाही, मग हे येतं कुठून?

खडकातून. फ्लोराइड हे बहुतेक ठिकाणी जमिनीचंच देणं आहे, कुणी ओतलेलं नाही. ग्रॅनाइट आणि नाईस जातीच्या जुन्या खडकांत फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रकाचे काही प्रकार अशी खनिजं असतात, त्यांतून ते हळूहळू पाण्यात उतरतं. पश्चिम महाराष्ट्राखाली काळ्या बेसाल्टचा जाड थर आहे. विदर्भाच्या पूर्वेकडे आणि किनवटच्या बाजूला तो पातळ होत संपतो आणि खालचे जुने खडक वर येतात. नकाशावर फ्लोराइडची गावं पाहिली तर ती बरीचशी या काठावर किंवा त्याच्या पलीकडे दिसतात.

दुसरं कारण खोलीचं. पाणी जितकं खोल, तितका त्याचा खडकाशी सहवास लांब. त्या काळात पाण्यातलं कॅल्शियम निघून जातं आणि सोडियम येतं. कॅल्शियम फ्लोराइडला बांधून ठेवतं. ते गेलं की फ्लोराइड मोकळं सुटतं. म्हणून एकाच गावात चाळीस फुटांच्या विहिरीचं पाणी चांगलं आणि तिच्यापासून शंभर पावलांवरच्या तीनशे फुटी बोअरचं पाणी वाईट असं होऊ शकतं. शेजारी शेजारी असलेल्या दोन बोअरमध्येही फरक पडतो. "त्यांच्या बोअरचं चांगलं आलं म्हणजे आमचंही चांगलंच असणार" हे गृहीत धरू नका.

आमचे आजे-पणजे याच गावात ऐंशी-नव्वद वर्षं जगले. त्यांना का नाही काही झालं?

कारण ते हे पाणी पीत नव्हते. ते विहिरीचं, नाल्यातल्या झिऱ्याचं, नदीचं पाणी पीत. त्या पाण्याचे वेगळे भोग होते. पटकी होती, हगवण होती, पायातून दोरा निघावा तसा निघणारा नारू होता. साठी ओलांडलेल्या माणसांना नारू आठवतो. मग १९७२चा दुष्काळ आला, विहिरी कोरड्या पडल्या आणि खडक फोडणाऱ्या यंत्रांनी गावोगाव विंधन विहिरी घेतल्या. त्यावर बसलेल्या हातपंपात महाराष्ट्राचाही हात आहे: आधी जालना पंप, मग सोलापूर पंप आणि त्यातून पुढे देशभर गेलेला इंडिया मार्क टू. बंद झाकणाखालच्या त्या पाण्याने नारू आणि पटकी हटवायला मोठी मदत केली. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

तेव्हा हापशीला दोष देताना जरा जपून. तिने माणसं वाचवली आहेत. फक्त त्या वेळी पाण्यात जंतू आहेत का एवढंच पाहिलं गेलं, खडकातलं काय विरघळलंय हे बहुतेक ठिकाणी पाहिलं गेलं नाही. तुमच्या आजोबांनी पन्नाशीनंतर ते पाणी प्यायला सुरुवात केली. तुमच्या मुलाने जन्मापासून.

किती फ्लोराइड चालतं?

भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेलच तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १.५ आहे. अहवालावर 'पीपीएम' लिहिलं असेल तर तेच समजा, १ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम.

आता या आकड्यामागची गोष्ट, जी अहवालावर छापलेली नसते. असे आकडे ठरवताना माणूस दिवसाला साधारण २ लिटर पाणी पितो असं धरतात. मे महिन्यात वणी-पांढरकवड्याकडे पारा ४५ अंशांला टेकतो. त्या उन्हात वखराची पाळी देणारा किंवा तेंदूपत्ता तोडणारा माणूस ५-६ लिटर सहज पितो. हिशेब करून पाहा. पाण्यात २.५ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर तालुक्याच्या ऑफिसात पंख्याखाली बसून २ लिटर पिणाऱ्याच्या पोटात ५ मिलिग्रॅम जातं, आणि शेतमजुराच्या पोटात ६ लिटरमागे १५. दिवसाला एकूण १४ मिलिग्रॅम पोटात गेलं तर हाडांवर परिणाम होतो याचा पुरावा स्पष्ट आहे, आणि ६ मिलिग्रॅमच्या वर गेलं की धोका वाढत असल्याच्या खुणा दिसतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे १.५ची सवलत घेतलेलं 'पास' झालेलं पाणीसुद्धा ५ लिटर पिणाऱ्याला साडेसात मिलिग्रॅम देतं. शिवाय भात-डाळीतलं वेगळंच.

उष्ण प्रदेशांनी आपलं हवामान आणि पाणी पिण्याचं प्रमाण बघून मर्यादा ठरवावी, असं संघटनेनेच म्हटलं आहे. माझ्या मते कष्टकरी गावासाठी १ हीच मर्यादा धरावी आणि १.५ची सवलत कागदावरच राहू द्यावी.

टूथपेस्टमध्ये तर फ्लोराइड मुद्दाम घालतात. मग ते वाईट कसं?

प्रमाणाचा प्रश्न आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फ्रेडरिक मॅके नावाच्या दंतवैद्याला १९०१ पासून लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसत होते. डाग पडलेले ते दात सहसा किडत नव्हते, हेही त्याच्या लक्षात आलं. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. थोडं फ्लोराइड दात किडू देत नाही, जास्त झालं तर दात आणि हाडं दोन्ही बिघडवतं. तिकडे काही शहरांत पाण्यात ते मुद्दाम मिसळतात, तेही लिटरमागे ०.७ मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या गावांत निसर्गानेच त्याच्या तिप्पट-चौपट घातलेलं असतं.

फ्लोराइडच्या गावात लहान मुलांना पेस्ट वाटाण्याएवढी किंवा त्याहून कमी द्या आणि गिळू देऊ नका. मोठ्यांनी पेस्टची भीती बाळगण्याचं कारण नाही.

मुलाच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. मंजनाने जातील का?

नाही जाणार. डाग वरून बसलेला नाही, दाताचं एनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, घडतानाच तो आत गेलेला आहे. पक्के दात हिरडीबाहेर यायच्या कितीतरी आधी, जन्मापासून साधारण आठ वर्षांपर्यंत, जबड्यात तयार होत असतात. त्या काळात पोटात गेलेलं फ्लोराइड त्यांवर कायमचं लिहिलं जातं. सुरुवात खडूसारख्या पांढऱ्या ठिपक्यांनी होते, पुढे आडवे पिवळे पट्टे, मग तपकिरी, आणि फार झालं तर दाताला खड्डे पडून टवके उडतात.

खर्रा-तंबाखूचा डाग आणि हा डाग वेगळा ओळखता येतो. तंबाखूचा डाग हिरडीजवळ, दातांच्या फटीत, वेडावाकडा असतो. फ्लोराइडचे पट्टे आडवे आणि डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारखे. वाळूने, राखेने, विटेच्या चुऱ्याने घासून पोरांचे दात झिजवू नका. दंतवैद्याकडे पॉलिश करून किंवा वरून थर बसवून रंग झाकता येतो, पण पाणी बदलल्याशिवाय धाकट्यासाठी तो खर्च पुन्हा येणारच.

घरात मुलग्यांचे दात पिवळे, सुनेचे मात्र पांढरेशुभ्र. हे कसं?

सून दुसऱ्या गावाहून आली म्हणून. तिचे दात माहेरच्या पाण्यावर घडले. अनेक फ्लोराइडग्रस्त गावांत हे दिसतं आणि निदानासाठी ते उपयोगीही आहे. गावात वाढलेल्यांचे दात डागाळलेले आणि बाहेरून आलेल्यांचे नसतील, तर पाण्याकडेच बोट जातं.

पण सुनेचे दात पांढरे म्हणून ती सुटली असं समजू नका. हाडं आयुष्यभर फ्लोराइड घेत राहतात. दहा-पंधरा वर्षं तेच पाणी प्यायल्यावर तिची कंबर आणि गुडघे धरायला लागू शकतात, आणि दात स्वच्छ असल्याने डॉक्टरांच्या मनात फ्लोराइडचा विचारही येणार नाही.

हाडांचं नेमकं काय होतं?

पोटात गेलेल्या फ्लोराइडपैकी काही लघवीवाटे बाहेर पडतं. उरलेलं जवळजवळ सगळं हाडांत आणि दातांत जाऊन बसतं. मोठ्या माणसात साधारण निम्मं साठतं, वाढत्या मुलांत त्याहून जास्त. हाड जाड होतं, पण ते धड नसतं. पुढे हाडांना बांधणाऱ्या दोऱ्यांवर, म्हणजे अस्थिबंधांवर, चुना चढावा तसं कॅल्शियम चढतं. सकाळी उठल्यावर मान वळत नाही, कंबर लवत नाही, गुडघे धरतात. माणूस मान न वळवता अख्खा वळून बघायला लागतो. उकिडवं बसणं जातं, मग संडासला बसणं, निंदणाला बसणं, मांडी घालून जेवणं जातं. शेवटच्या टप्प्यात पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची वाट अरुंद होते आणि पाय लुळे पडू शकतात.

मुलांत पाय वाकडे होतात, गुडघे एकमेकांना घासतील असे आत किंवा धनुष्यासारखे बाहेर. आताच्या तेलंगणातल्या नलगोंडा भागात १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने हे नोंदवलं. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांची हाडं लवकर वाकतात. एकाच पाण्यावर पाटलाचा मुलगा सरळ चालतो आणि मजुराचा वाकतो, तो दुधाच्या वाटीचा फरक असू शकतो.

संधिवात आहे की फ्लोराइड, हे घरच्या घरी कळेल का?

नक्की नाही, पण अंदाज येतो. तीन गोष्टी करून पाहा: हनुवटी छातीला लावा, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे शिवा, दोन्ही हात वर नेऊन डोक्यामागे धरा. आरोग्य कर्मचारी गावात तपासणी करतात तेव्हाही हेच करायला लावतात. जमत नसेल आणि पाण्याचा अहवाल १.५ च्या वर असेल, तर लघवीतल्या फ्लोराइडची तपासणी आणि हाताच्या पुढच्या भागाचा, म्हणजे कोपर ते मनगट, एक्स-रे यांची मागणी करा. हाताच्या दोन हाडांमधल्या पडद्यावर कॅल्शियम चढलेलं एक्स-रेत दिसलं तर निदान पक्कं होत जातं.

घाई करण्याचं एक कारण आहे. 'वात' समजून लोक वर्षानुवर्षं मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून खातात. त्या गोळ्यांचा अतिरेक मूत्रपिंडं बिघडवतो, आणि फ्लोराइड शरीराबाहेर टाकायचं काम मूत्रपिंडांचंच. ज्यांची मूत्रपिंडं आधीच अधू आहेत त्यांनी तर एक दिवसही असं पाणी पिऊ नये.

दात-हाडांपलीकडे काही?

पोट. सकाळी मळमळ, पोटात गच्चपणा, कधी बद्धकोष्ठ, सारखी तहान आणि सारखी लघवी. हे इतकं सर्वसाधारण आहे की कुणाचं लक्ष जात नाही. चांगली गोष्ट म्हणजे पाणी बदललं की सगळ्यात आधी हीच तक्रार कमी होते, कधी काही आठवड्यांत.

आणि रक्त. आतड्याच्या आतल्या आवरणाला इजा झाली की अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. एम्समध्ये प्राध्यापक राहिलेल्या डॉ. ए. के. सुशीला यांनी २०१० मध्ये गरोदर स्त्रियांवरचं काम प्रसिद्ध केलं. ज्यांच्या लघवीत फ्लोराइड जास्त होतं त्यांचं पाणी आणि आहार बदलल्यावर हिमोग्लोबिन वाढलं आणि बाळांची वजनंही सुधारली. आशाताई लोहाच्या गोळ्या देते, बाई त्या घेते, तरी हिमोग्लोबिन आठवरून हलत नाही, असं गावात वारंवार दिसत असेल तर तिच्या हंड्यातलं पाणी तपासा. बाई गोळ्या फेकून देते असा आरोप करण्याआधी.

मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो म्हणतात, खरं का?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०२४ मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र तपासले. १.५ मिलिग्रॅमच्या वरच्या पाण्याचा आणि मुलांच्या कमी बुद्ध्यांकाचा संबंध दिसतो, असा निष्कर्ष त्यांनी मध्यम खात्रीने काढला. संबंध दिसणं आणि कारण सिद्ध होणं यांत अंतर आहे. कुपोषण, गरिबी, शाळा हेही त्यात मिसळलेलं असतं. पण मुलांना स्वच्छ पाणी द्यायला दात आणि हाडं एवढी कारणं पुरेशी आहेत, त्यासाठी बुद्ध्यांकाची वाट पाहायला नको.

बाळाला कसं जपायचं?

सहा महिने फक्त अंगावरचं दूध. आई फ्लोराइडचं पाणी पीत असली तरी तिच्या दुधात फ्लोराइड अगदी नगण्य उतरतं. पावडरचं दूध हापशीच्या पाण्यात कालवलं तर मात्र सगळं फ्लोराइड थेट बाळाच्या पोटात. वरचं अन्न सुरू केल्यावर पेज, वरण, खिमट चांगल्याच पाण्यात शिजवा. घरात चांगलं पाणी मोजकंच येत असेल तर पहिला हक्क बाळाचा आणि पोटुशीचा, दुसरा आठ वर्षांखालच्या मुलांचा. म्हाताऱ्यांना हे आवडत नाही, पण समजावलं तर पटतं.

हा रोग लागतो का? पोरीचं लग्न जमत नाही.

लागत नाही, रक्तातूनही उतरत नाही. त्या मुलीची मुलं चांगल्या पाण्यावर वाढली तर त्यांचे दात स्वच्छच येतील. पाहुण्यांना हे सांगायला आरोग्य केंद्रातले डॉक्टर तयार असतील तर त्यांना बैठकीत बोलवा. घरच्यांनी सांगितलं तर पाहुण्यांना ती सारवासारव वाटते.

पाणी उकळलं तर? तुरटी फिरवली तर? टीसीएल टाकलं तर?

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं. वाफ होऊन पाणी आटतं, त्यामुळे उरलेल्यात प्रमाण वाढतं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, जंतूंसाठी आहे. कँडलचा फिल्टर, माठ, फडकं यांपैकी कशाचाच उपयोग नाही. तुरटीचा खडा दोनदा फिरवून गाळ बसतो, पण फ्लोराइड हटवायला तुरटी त्याच्या कितीतरी पट जास्त आणि मोजून लागते. त्याबद्दल पुढे.

तपासणी कुठे आणि कशी?

दोन पायऱ्या आहेत. गावात ग्रामपंचायतीकडे क्षेत्रीय तपासणी संच, म्हणजे 'एफटीके', असतो आणि काही महिलांना तो वापरायचं प्रशिक्षण दिलेलं असतं. नमुन्यात औषधाचे थेंब टाकून आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. हा अंदाज आहे. औषधाची मुदत संपलेली असेल तर अंदाजही नाही, म्हणून बाटलीवरची तारीख आधी पाहा. पक्का आकडा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा किंवा उपविभागीय प्रयोगशाळेत मिळतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो. खासगी व्यक्तीलाही अल्प शुल्क भरून आपलं पाणी तपासून घेता येतं.

नमुना घेताना हापशी आधी काही मिनिटं मारा, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या. बाटली प्लास्टिकची, त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेली. काचेची नको, कारण फ्लोराइड काचेशी खेळतं. बाटलीवर गाव, स्रोत आणि तारीख लिहा. "शाळेजवळची हापशी" असं लिहून चालत नाही, शाळेजवळ तीन असतात. वर्षातून दोनदा तपासा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर. पाणी खोल गेल्यावर आकडा बदलतो, आणि फक्त डिसेंबरात तपासून निर्धास्त झालेली गावं मे महिन्यात फसतात.

गावात आरओचं एटीएम बसलंय, पाच रुपयांत वीस लिटर. मग प्रश्न सुटला ना?

चालू आहे तोवर सुटला. आरओने फ्लोराइड निघतं यात शंका नाही. पण वीज जाते, मेम्ब्रेन (पाणी गाळणारा पडदा) खराब होतं, दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावाहून यायचा असतो आणि त्याचं बिल कोण देणार यावर ग्रामपंचायतीत दोन महिने जातात. उद्घाटनाचा फलक चकाचक आणि आत मशिनवर कोळ्यांची जाळी, असं दृश्य या पट्ट्यात नवं नाही. मशीन घेताना पहिल्या दिवशीच तीन गोष्टी ठरवून ठरावात लिहा: चालवणारा कोण, पैसे कोणत्या खात्यात जमणार, आणि बिघडलं तर किती दिवसांत दुरुस्त व्हायला हवं.

आणखी दोन गोष्टी. आरओतून निघालेल्या टाकाऊ पाण्यात सगळं फ्लोराइड एकवटलेलं असतं. ते विहिरीच्या काठाला सोडू नका. आणि बाजारातला थंड जार म्हणजे आरओ असं नाही, अहवाल मागा.

नलगोंडा पद्धत म्हणतात ती काय?

नाव तेलंगणातलं, जन्म आपल्या नागपूरचा. तिथल्या 'नीरी'च्या, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या, शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ती विकसित केली. पाण्यात मोजून चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर घालायची, आधी जोरात मग हळूहळू ढवळायचं, आणि तासभर ठेवायचं. तुरटीचे पुंजके फ्लोराइड धरून तळाला बसतात. वरचं पाणी तळापासून थोड्या उंचीवर बसवलेल्या तोटीतून काढायचं. विजेशिवाय, बादलीतही जमतं.

अडचण मोजमापात आहे. तुरटी किती हे त्या पाण्यातलं फ्लोराइड आणि क्षारता पाहून ठरतं, गावागणिक बदलतं. कमी पडली तर फ्लोराइड राहतं, जास्त झाली तर ॲल्युमिनियम पाण्यात उरतं आणि चव बिघडते. प्रयोगशाळेकडून आपल्या स्रोताचं प्रमाण लिहून घेतल्याशिवाय अंदाजाने करू नका. घरची बाई रोज हे करेल अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी स्वतः आठवडाभर करून पाहावं.

मग करायचं काय? सोपा मार्ग कोणता?

आधी गावातले सगळे स्रोत तपासा, नुसती वापरातली हापशी नव्हे. पडीक विहीर, देवळामागचा आड, शिवारातली जुनी बावडी, सगळं. पुष्कळ गावांत एखादी उथळ विहीर १ च्या आत सापडते, फक्त कचरा टाकून लोकांनी ती बुजवत आणलेली असते. गाळ काढा, कठडा बांधा, वर जाळी टाका, पंपाने पाणी छोट्या टाकीत घ्या. नारूचे आणि पटकीचे दिवस परत नकोत म्हणून टीसीएल रोज, न चुकता. विहिरीच्या वरच्या अंगाला बंधारा किंवा शोषखड्डे घेतले की पावसाचं पाणी मुरून ती मार्चनंतरही टिकते. वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या) निधीत पिण्याच्या पाण्याचा वाटा ठरलेला असतो, ग्रामसभेत तो मागा.

मला मशिनपेक्षा विहिरीवर जास्त भरवसा वाटतो, हे मान्य करतो. विहीर बिघडली तर गावातला माणूस उतरून नीट करू शकतो. आणि सगळं पाणी शुद्ध असायची गरजही नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ८-१० लिटर चांगलं पाणी पुरतं.

पावसाचं पाणी छतावरून टाकीत साठवलं तर त्यात फ्लोराइड जवळपास नसतंच. शाळेच्या मोठ्या छताला हे छान जमतं, पोषण आहार त्याच पाण्यात शिजवता येतो. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्या.

स्वयंपाकाला साधं पाणी, पिण्याला आरओचं. चालेल?

नाही. भात आणि डाळ शिजताना पाणी पिऊन घेतात, त्यासोबत फ्लोराइडही. ही चूक सर्रास होते. अंघोळ, धुणी, सडा-सारवण याला मात्र कुठलंही पाणी चालतं, फ्लोराइड कातडीतून आत जात नाही.

गुरांना?

गुरांनाही फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडमुळे होणारा हाच दात-हाडांचा आजार, होतो. भारतात हा आजार पहिल्यांदा १९३७ मध्ये तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातून नोंदवला गेला, आणि तिथल्या शेतकऱ्यांना त्याआधी बैल लंगडताना दिसले होते असं सांगतात. नाला किंवा शेततळं असेल तर गुरं तिकडे न्या. गाईच्या दुधात फ्लोराइड फारसं उतरत नाही, दूध बिनधास्त प्या.

खाण्यात काय बदलायचं?

कॅल्शियम, लोह आणि क जीवनसत्त्व वाढवा: दूध-ताक, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, पेरू, आवळा, लिंबू. चिंच चांगली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००२ च्या एका छोट्या अभ्यासात शाळकरी मुलांना १८ दिवस रोज १० ग्रॅम चिंच दिली, तेव्हा लघवीतून जास्त फ्लोराइड बाहेर पडलं. मध्य प्रदेशातल्या झाबुआकडे तरोट्याचा वापर आहारात करून पाहिला आहे, तो कॅल्शियमसाठी. आपल्याकडे जूनच्या पावसात बांधावर तरोटा फुकट उगवतो आणि भाजी म्हणून आपण तो खातोच.

कमी काय करायचं? कोरा चहा. चहाच्या पानातच फ्लोराइड असतं, त्यात ते फ्लोराइडच्या पाण्यात उकळायचं म्हणजे दुप्पट. थोडं दूध घाला. सुपारी, खर्रा, काळं मीठ घातलेली चूर्णं यांतूनही भर पडते. पण आहार हा आधार आहे, पाणी न बदलता नुसती चिंच खाऊन काही होणार नाही.

औषध आहे का?

फ्लोराइड हाडातून काढून टाकणारं औषध नाही. असं कुणी विकत असेल तर तुमचे पैसे वाचवा. पाणी बदललं की पोट सुधारतं, अशक्तपणा कमी होतो, दुखणं पुष्कळांचं हलकं होतं आणि आजार पुढे सरकायचा थांबतो. हाडांत साठलेलं हळूहळू, वर्षानुवर्षं सुटत राहतं. दातांचे डाग आणि वाकलेलं हाड आपोआप सरळ होत नाही. वाकड्या पायांवर शस्त्रक्रिया होते, तीही पाणी बदलल्यानंतरच करण्यात अर्थ आहे. केंद्राचा फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, तुमचा जिल्हा त्यात असेल तर जिल्हा रुग्णालयात विचारा.

घरात नळ आलाय. आता काळजी नको ना?

नळ कुठून भरतो ते पाहा. टाकी धरणाच्या पाण्यावर असेल तर उत्तम. गावाबाहेरच्या नव्या बोअरवर असेल तर जुनंच पाणी नव्या पाइपातून येतंय. दुसरं म्हणजे एप्रिल-मेमध्ये नळ दोन दिवसांआड येतो आणि लोक परत हापशीवर जातात, नेमके त्याच दिवसांत जेव्हा माणूस सगळ्यात जास्त पाणी पितो. त्या दोन महिन्यांसाठी टँकर किंवा विहीर अधिग्रहण कुठून होणार हे फेब्रुवारीतच ठरवून ठेवा.

लाल रंगवलेली हापशी उखडून टाकावी का?

नको. धुणं-भांडी, बांधकाम, संडासाचं पाणी यासाठी ती कामाची आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या विहिरीवरचा भार कमी होतो. फक्त रंग उडाला की पुन्हा लावा. दोन पावसाळ्यांत तो जातो, आणि मग शाळेतून येणारी तहानलेली पोरं तिथेच ओंजळ धरतात. रंगाच्या जोडीला मोठ्या अक्षरात लिहा: "पिऊ नये, शिजवू नये". आणि बाहेरून येणाऱ्या कापूस वेचणीच्या मजुरांना तोंडी सांगा, कारण लाल रंगाचा अर्थ त्यांना कुणी सांगितलेला नसतो.